मासिक सभेचा विषय कोण ठरवतो?

प्रति,
अध्यक्ष व मानद सचिव,
इंडियन मेडिकल असोसिएशनच्या महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा शाखा

विषय : मासिक शैक्षणिक सभा आणि तिथले वक्ते

महोदय / महोदया,

आयएमएच्या शाखेची मासिक सभा बहुतेक ठिकाणी दोन भागांची असते. पहिला भाग संघटनेच्या कामकाजाचा. त्यात मागील इतिवृत्त, वर्गणी, एखाद्या सभासदाच्या रुग्णालयात झालेली तोडफोड, जैववैद्यकीय कचऱ्याचे वाढलेले दर असे विषय येतात. दुसरा भाग शिक्षणाचा, म्हणजे सीएमईचा. बाहेरून आलेला वक्ता, पडद्यावर स्लाइड, दोन-चार प्रश्न आणि जेवण, असे त्याचे रूप ठरून गेले आहे. हे पत्र या दुसऱ्या भागापुरते आहे. पहिल्या भागात सभासद भांडून का होईना, आपले म्हणणे मांडतात. दुसऱ्या भागात ते पाहुण्यासारखे येऊन बसतात, आणि शाखेचे शैक्षणिक काम नेमके तिथेच दुबळे पडते.

डॉक्टरांनी ठरावीक दिवशी एकत्र यावे आणि एकमेकांना आपले रुग्ण सांगावेत, ही रीत जुनी आहे. जॉन कोकली लेट्सम यांनी 1773 मध्ये मेडिकल सोसायटी ऑफ लंडन स्थापन केली. फिजिशियन, सर्जन आणि औषधे बनवून देणारे अपॉथेकरी हे एरवी एकमेकांना फारसे विचारत नसलेले तीन वर्ग तिथे एकाच खोलीत बसू लागले. पुढे ब्रिटिश मेडिकल असोसिएशन झालेली संस्था तर राजधानीबाहेरच्याच डॉक्टरांनी काढली. चार्ल्स हेस्टिंग्ज यांनी 1832 मध्ये वूस्टर या गावी प्रांतांतल्या वैद्यकांची ही संघटना उभी केली आणि तिच्या पहिल्या नावातच ‘प्रांतिक’ हा शब्द होता. विल्यम ऑस्लर यांनी 1875 मध्ये मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जर्नल क्लब सुरू केला, तोही नियतकालिके एकट्याला परवडत नव्हती म्हणून. भारतात 1928 साली कलकत्त्याच्या परिषदेत ऑल इंडिया मेडिकल असोसिएशन स्थापन झाली आणि 1930 मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. बिधानचंद्र रॉय आणि जीवराज मेहता हे तिचे सुरुवातीच्या काळातले अध्यक्ष. यांपैकी एकाही संस्थेत वक्ता हा मुळात बाहेरून मागवायचा माणूस नव्हता. सभासदच बोलत आणि सभासदच त्यांना खोडून काढत.

आज सभेला एक कायदेशीर कारणही आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान 30 तास अशा शैक्षणिक कार्यक्रमांना हजेरी लावली पाहिजे. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच वर्षांचे 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात ते याच तरतुदीच्या धर्तीवर. तासांचा हिशेब मांडला तर वर्षाला फक्त सहा तास होतात. दरमहा एक तासाची सभा घेणारी शाखा पाच वर्षांत 60 तास देते, म्हणजे गरजेच्या दुप्पट. तरीही नूतनीकरण जवळ आले की पॉइंट गोळा करण्याची धावपळ होते. सभेतल्या तासाला स्वतःची किंमत असती तर पॉइंट मागाहून आपोआप जमले असते.

विषय सध्या कसा ठरतो, हे सचिवपद भूषवलेल्या कोणालाही ठाऊक असते. महिन्याच्या सुरुवातीला एखाद्या कंपनीचा एमआर किंवा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलचा मार्केटिंगचा माणूस येतो. त्याच्याकडे वक्ता तयार असतो, विषय तयार असतो, हॉल आणि जेवणाची सोयही तयार असते. सचिवाने फक्त तारीख द्यायची. सचिव हा स्वतः दिवसभर ओपीडी करणारा माणूस, त्यामुळे त्याला हे सोयीचे वाटले तर त्यात नवल नाही. पण परिणाम असा होतो की वर्षभरात मधुमेहाच्या नव्या गोळ्यांवर तीन भाषणे होतात आणि मधुमेही रुग्णाचा पाय कसा तपासावा यावर एकही होत नाही. हृदयाच्या झडपा शस्त्रक्रियेशिवाय कशा बदलतात हे कळते. छातीत दुखणारा माणूस रात्री अकरा वाजता तालुक्याच्या गावी आला तर कॅथलॅबपर्यंत पोहोचण्याआधीच्या दोन तासांत काय करायचे, ते मात्र राहून जाते.

ऑगस्ट 2024 चे उदाहरण घेण्यासारखे आहे. केंद्र सरकारने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 26अ खाली 156 ठरावीक मिश्रणांच्या औषधांवर बंदी घातली. त्यात 50 मिलिग्रॅम ॲसिक्लोफेनॅक आणि 125 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलच्या गोळीसारखी वेदनाशामक मिश्रणेही होती. मार्च 2016 मध्ये अशाच आणखी 344 मिश्रणांवर बंदी आली होती आणि ते प्रकरण पुढे न्यायालयात गाजले. रोज साठ-सत्तर चिठ्ठ्या लिहिणाऱ्या डॉक्टरच्या दृष्टीने यापेक्षा जवळचा विषय कोणता? पण या विषयाला प्रायोजक मिळणे कठीण. औषधे कमी कशी करावीत, पोटातल्या ॲसिडची गोळी कधी बंद करावी, विषाणूजन्य तापात प्रतिजैविक का देऊ नये, या साऱ्या विषयांची तीच गत आहे. प्रायोजक भाषणात खोटे सांगायला लावतो असे क्वचितच होते. त्याचा प्रभाव पडतो तो कोणते विषय सभेत येतच नाहीत, यावर.

जेवणाचा प्रश्न थोडा नाजूक आहे, पण टाळता येण्यासारखा नाही. अमेरिकेत 2016 मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनने एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जवळपास 2 लाख 80 हजार डॉक्टरांची नोंद तपासली होती. सरासरी 20 डॉलरपेक्षाही कमी किमतीचे एकच जेवण घेतलेल्या डॉक्टरांमध्येसुद्धा त्या कंपनीचे औषध लिहिण्याचे प्रमाण जास्त आढळले, आणि जेवणे वाढली तसे ते आणखी वाढलेले दिसले. हा संबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नाही, हे अभ्यासकांनीही मान्य केले होते. तरी ‘एका जेवणाने काय होते’ हे वाक्य त्यानंतर पूर्वीइतक्या सहजपणे म्हणता येत नाही.

नियमांची स्थिती संघटनांना फारशी भूषणावह नाही. डिसेंबर 2009 मध्ये 2002 च्या आचारसंहितेत कलम 6.8 जोडले गेले आणि औषध कंपन्यांकडून भेटवस्तू, प्रवास, पाहुणचार घेण्यास मनाई झाली. त्या कलमाच्या शीर्षकात सुरुवातीला डॉक्टरांबरोबर त्यांच्या व्यावसायिक संघटनाही होत्या. फेब्रुवारी 2016 च्या दुरुस्तीने संघटनांचा उल्लेख काढून टाकला. म्हणजे एकट्या डॉक्टरला जे वर्ज्य, त्यातून त्याची संघटना सुटली. सर्वोच्च न्यायालयाने 22 फेब्रुवारी 2022 रोजी ॲपेक्स लॅबोरेटरीज प्रकरणात डॉक्टरांना दिलेल्या अशा लाभांवरचा खर्च कंपनीला आयकरात वजावट म्हणून दाखवता येणार नाही, असा निकाल दिला. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने 2 ऑगस्ट 2023 च्या नियमावलीत आणखी पुढे जाऊन कंपन्यांचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रायोजकत्व असलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांत डॉक्टरांनी सहभागीच होऊ नये, असे म्हटले. अवघ्या तीन आठवड्यांत, 23 ऑगस्टला, ती नियमावली स्थगित झाली. मार्च 2024 च्या औषध विपणन संहितेने व्यावसायिक संघटनांचे सीएमई मान्य केले, परदेशातले कार्यक्रम बंद केले आणि वक्ता सोडून इतर डॉक्टरांना कंपनीने प्रवास-मुक्काम देऊ नये असे सांगितले. एकूण पाहता, शाखेने किती पैसे कोणाकडून घ्यावेत हे बरेचसे शाखेच्याच विवेकावर सोडलेले आहे. एखाद्या शाखेने पैसे घेतलेच, तर विषय व वक्ता ठरल्यानंतर घ्यावेत आणि निमंत्रणपत्रिकेवर तसे स्पष्ट छापावे. क्रम उलटा झाला की शाखेच्या हाती फक्त हजेरीपत्रक उरते.

मोठ्या हॉस्पिटलांच्या वक्त्यांबाबत हीच काळजी वेगळ्या तऱ्हेने घ्यावी लागते. ते आपल्या विषयात खरोखर जाणकार असतात आणि तालुक्यातल्या डॉक्टरला त्यांची ओळख असणे रुग्णाच्या फायद्याचेही असते. पण शेवटच्या पाच स्लाइडमध्ये हॉस्पिटलची इमारत, खाटांची संख्या आणि रुग्ण पाठवण्यासाठीचा फोन नंबर आला की भाषणाची जाहिरात होते. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देणे-घेणे 2002 च्या संहितेतील कलम 6.4 नुसार निषिद्ध आहे. सभेने त्या व्यवहाराची पहिली ओळखपरेड होऊ नये. निमंत्रण देतानाच ‘हॉस्पिटलची माहिती देणाऱ्या स्लाइड नकोत’ असे कळवले तर बहुतेक वक्ते ते सहज मान्य करतात.

भाषण ऐकून डॉक्टरची सवय किती बदलते, यावर भरपूर संशोधन झाले आहे. डेव्हिड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये जामात प्रसिद्ध केलेल्या आढाव्याचा निष्कर्ष असा होता की नुसत्या व्याख्यानाने वागणुकीत फारसा फरक पडत नाही. चर्चा, प्रात्यक्षिक, केस सोडवणे यांमुळे मात्र पडतो. कोक्रेनच्या 2009 च्या आढाव्यात 81 चाचण्या होत्या. शैक्षणिक सभांमुळे अपेक्षित उपचारपद्धती पाळण्याचे प्रमाण मध्यमान 6 टक्क्यांनी वाढले. 2021 मध्ये 215 अभ्यास धरून केलेल्या नव्या आढाव्यातही आकडा सुमारे 7 टक्केच आला. हा परिणाम लहान आहे, पण शून्य नाही. शंभर रुग्णांमागे आणखी सहा-सात जणांना योग्य उपचार मिळणे ही उडवून लावण्यासारखी गोष्ट नव्हे. 2009 च्या आढाव्यात आणखी दोन गोष्टी दिसल्या होत्या. व्याख्यान आणि चर्चा यांचे मिश्रण असलेल्या सभा अधिक परिणामकारक ठरल्या, आणि जिथे उपस्थिती जास्त तिथे परिणामही जास्त.

चर्चेला केंद्रस्थानी ठेवण्याचा सर्वात पक्का पुरावा न्यू मेक्सिकोतून आला. तिथे डॉ. संजीव अरोरा यांनी 2003 मध्ये इको हा प्रकल्प सुरू केला. हेपॅटायटिस सीचे रुग्ण लांबून त्यांच्या विद्यापीठाच्या रुग्णालयात येत आणि महिनोन्‌महिने ताटकळत. अरोरांनी खेड्यांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणले. प्रत्येकाने आपला रुग्ण मांडायचा आणि तज्ज्ञांनी त्याच रुग्णाबद्दल बोलायचे. छोटे व्याख्यान असे, पण तोंडी लावण्यापुरते. 2011 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये 407 रुग्णांचे निकाल आले. विद्यापीठात 57.5 टक्के आणि खेड्यांतल्या केंद्रांत 58.2 टक्के रुग्णांच्या रक्तातून विषाणू नाहीसा झाला होता. सामान्य डॉक्टर तज्ज्ञाच्या बरोबरीने उपचार करू शकला, कारण त्याने प्रत्येक वेळी स्वतःच्या रुग्णाबद्दल विचारले होते.

शाखेच्या सभेत हे आणणे अवघड नाही. सभेच्या पंधरा दिवस आधी सभासदांकडून एकेक अडलेली केस मागवावी, नाव-गाव काढून. त्यातून विषय निघतो आणि मग त्या विषयाचा वक्ता शोधता येतो. वक्त्याला तीन-चार केस आधीच पाठवाव्यात. त्याने वीस-पंचवीस मिनिटे बोलावे आणि उरलेला वेळ त्या केसवर जावा. तरबेज वक्त्यालाही हे थोडे जड जाते, कारण त्याच्या तयार साठ स्लाइडपैकी चाळीस बाजूला ठेवाव्या लागतात. सभासदांनाही सुरुवातीला जड जाते. आपल्याला काय कळले नाही हे गावातल्या स्पर्धकांसमोर सांगायचे असते. म्हणून पहिल्या काही सभांत ज्येष्ठ डॉक्टरांनी स्वतःच्या चुकलेल्या केस मांडल्या तर तरुणांची भीड चेपते.

विषयांचा साठा महाराष्ट्राच्या नकाशातच आहे. एप्रिल-मेमध्ये विदर्भात उष्माघात. पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईच्या परिसरात लेप्टोस्पायरोसिस. जुलै 2005 च्या महापुरानंतर तो कसा पसरला हे त्या वेळी प्रॅक्टिस करणाऱ्यांना आठवत असेल. 2018 च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसचे रुग्ण वाढले. अंगावरचा काळा डाग शोधणे आणि डॉक्सिसायक्लिन लवकर सुरू करणे, एवढे माहीत असते तरी कित्येकांचा ताप आयसीयूपर्यंत गेला नसता. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले आणि पाय जड झाल्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाकडे साऱ्या शहरातले डॉक्टर वेगळ्या नजरेने पाहू लागले. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल आहे, आणि त्यावर हायड्रॉक्सियुरियाचे उपचार तालुक्यातूनही चालवता येतात. क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे खासगी डॉक्टरवर मे 2012 पासून बंधनकारक आहे, तरी निक्षयवर नोंद कशी करायची हे विचारणारे सभासद अजून भेटतात. त्यावर अर्ध्या तासाचे प्रात्यक्षिक जिल्हा क्षयरोग अधिकारी विनामूल्य देऊ शकतो.

सर्पदंश हा तर प्रत्येक ग्रामीण शाखेचा वार्षिक विषय व्हायला हवा, आणि तो मान्सून टेकण्यापूर्वी, मे महिन्यात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारी लस महाराष्ट्रातच, मुंबईच्या हाफकिनमध्येही बनते. घोणस किंवा फुरसे चावले असावे अशी शंका आली तर स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवायची आणि मग कलती करून पाहायची. रक्त गोठले नसेल तर विष अंगात भिनले आहे. ही चाचणी भाषणातून नव्हे, हातात नळी देऊनच शिकवायची असते. नळी प्लॅस्टिकची किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल तर निष्कर्ष फसवा येतो, हेही तिथेच कळते.

वक्ता म्हटले की पुण्या-मुंबईकडे पाहायची सवय आहे. ती किती अनाठायी आहे याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या महाडचे आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसे फुप्फुसात पाणी भरून दगावताना पाहिली, त्यांच्या नोंदी ठेवल्या आणि 1982 मध्ये लॅन्सेटमध्ये लिहिले. पुढे प्रॅझोसिन या साध्या रक्तदाबाच्या गोळीने हे मृत्यू टळू शकतात, हे त्यांनी 1986 मध्ये त्याच नियतकालिकात मांडले. 2011 मध्ये बीएमजेमध्ये डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांची प्रॅझोसिनसोबत विंचूविरोधी लस देण्याची चाचणी प्रसिद्ध झाली. हा सगळा अभ्यास महाडमधूनच झाला. प्रत्येक शाखेत बावस्कर नसतात. पण विषबाधेच्या शेकडो केस पाहिलेला ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी, गावातल्या जंतूंवर कोणते प्रतिजैविक चालत नाही हे रोज पाहणारा पॅथॉलॉजिस्ट, 108 च्या रुग्णवाहिकेवरचा डॉक्टर, दाई आणि आशासेविकांना प्रशिक्षण देणारी परिचारिका, हे सगळे जवळच असतात. त्यांना बोलावताना शाखेला संकोच वाटतो, आणि हा संकोच सोडल्याशिवाय सभा गावाची होत नाही. वैद्यकीय कायद्यावरच्या सभेला नेहमीच गर्दी होते, तेव्हा वकिलांबद्दल वेगळे सांगायला नको.

सभेच्या व्यवस्थेत वेळ हा एकमेव कठोर मुद्दा आहे. ओपीडी संपवून लोक रात्री नऊला जमतात. दीपप्रज्वलन, धन्वंतरीपूजन, पाहुण्यांचा सविस्तर परिचय, शाल-श्रीफळ, व्यासपीठावरच्या प्रत्येकाचे चार शब्द यात अर्धा तास जातो आणि कामकाजाचा भाग धरून साडेदहाला वक्ता उभा राहतो तेव्हा प्रश्न विचारायची कोणाचीच इच्छा उरलेली नसते. परिचय निमंत्रणपत्रिकेत छापावा, सत्कार जेवणाच्या वेळी करावा, आभार एका वाक्यात मानावेत. स्लाइड इंग्रजीत असल्या तरी केसची चर्चा मराठीत होऊ द्यावी. ती तशीही मराठीतच रंगते, पण सूत्रसंचालकाने सुरुवात मराठीत केली तर मागच्या रांगेतला डॉक्टरही तोंड उघडतो. भाषणाच्या आरंभी वक्त्याने आपला कोणत्या कंपनीशी वा हॉस्पिटलशी आर्थिक संबंध आहे ते सांगावे. परदेशातल्या परिषदांत ही पहिली स्लाइड असते आणि तिने कोणाची प्रतिष्ठा गेलेली नाही.

खर्च सभासदांच्या वर्गणीतून भागवायचा तर जेवण साधे ठेवावे लागते. पोहे-चहा किंवा पिठले-भाकरीवर सभा झाली तर उपस्थिती घटेल, अशी भीती अनेक सचिवांना वाटते. सुरुवातीला ती काही प्रमाणात खरी ठरेलही. जेवणासाठी येणारे कमी होतील आणि चर्चेला बसणारे तेवढेच राहतील. वक्त्याला प्रवासखर्च आणि माफक मानधन शाखेनेच द्यावे. मानधन देणाऱ्याला विषय सुचवण्याचा हक्क आपोआप मिळतो.

शेवटची बाब नोंदींची. कामकाजाच्या भागाचे इतिवृत्त ठेवले जाते, शैक्षणिक भागाचे जवळपास कुठेच नाही. प्रत्येक सभेनंतर विषय, मांडलेल्या केस, वक्त्याने दिलेली ठाम उत्तरे आणि जिथे मतभेद राहिला ते मुद्दे एका पानावर लिहून सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावेत. पुढच्या सभेची पहिली दहा मिनिटे त्याच केसचे पुढे काय झाले यासाठी राखून ठेवावीत. दर वर्षी पदाधिकारी बदलतात. नव्या सचिवाच्या हाती ही पानांची फाइल पडली, तर वर्षाचे विषय ठरवण्यासाठी त्याला एमआरची वाट पाहावी लागणार नाही.

कळावे.

एका तालुका शाखेचा सभासद